लॅपटॉपचें मौन आणि दोन कुलुपें

पुण्यांतील एका घरीं संध्याकाळचे सात वाजलेले. घरांतील कन्या एम्. ए.च्या शेवटच्या वर्षाला असून तिचा प्रबंध त्याच रात्रीं बाराच्या आंत विद्यापीठाकडे रवाना व्हावयाचा आहे. प्रबंध लॅपटॉपमध्यें तयार आहे. संदर्भांची शेवटची यादी तेवढी नीट लावावयाची आहे. परंतु लॅपटॉप जगाशीं बोलावयास तयार नाहीं. बिनतारी जाळें हातीं लागल्याची ग्वाही देणारी पडद्याच्या कोपऱ्यांतील ती कमानींची लहानशी खूण नाहींशी झाली आहे. लॅपटॉप तीन वेळां बंद करून चालू केला. वायफायचा डबा दोनदां उपटून पुन्हां खोंचला. विमानाचें चित्र असलेली कळ किती वेळां दाबली गेली याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं. तेवढ्यांत शेजारचे एक हितचिंतक आले आणि म्हणाले, "वहिनी, सगळें पुसून टाका आणि लिनक्स नव्यानें भरा. तासाभराचें काम!" सल्ला सद्हेतूचा होता, पण सगळें पुसतांना प्रबंधही पुसला जाणार होता, आणि त्याची दुसरी प्रत कोठेंच नव्हती.

मुलीची आई टेलिफोन खात्यांतून निवृत्त झालेली. तारांतले दोष हुडकण्यांत तिची उमेद गेलेली. ती म्हणाली, "अगं, आधीं प्रत काढ. मग दोष कोठें नाहीं तें ठरवूं. कोठें आहे तें आपोआप कळेल." पेनड्राइव्हवर प्रत निघाली आणि घराचा जीव भांड्यांत पडला. रोग कोणताही असो, पहिला उपचार हाच. ज्याची प्रत नाहीं अशा वस्तूवर प्रयोग करूं नये.

दुसरा प्रश्न असा, कीं दोष घराच्या जाळ्यांत आहे कीं लॅपटॉपमध्यें? त्याची परीक्षा सोपी होती. त्याच डब्याशीं आईचा फोन जोडला, आणि तो विनातक्रार चालला. म्हणजे डबा निर्दोष, बाहेरची तारही निर्दोष. जें कांहीं अडलें होतें तें लॅपटॉपच्या पोटांत.

आतां त्या पोटांत काय असतें तें थोडें पाहावयास हवें. वायफायच्या लहरी म्हणजे रेडिओच्या लहरींचींच धाकटीं भावंडें. मध्यम लहरींवरील केंद्राचीं कंपनें सेकंदास सुमारें ५ ते १६ लाख असतात. वायफायचीं सुमारें २४० कोटी, किंवा ५०० कोटींच्या वर. परंतु भेद केवळ वेगाचा नाहीं. दिवाणखान्यांतील रेडिओ नुसता ऐकतो. लॅपटॉप ऐकतो आणि बोलतोही. तो एक लहानसें प्रक्षेपण केंद्रच आहे. आणि जो बोलतो त्याला प्रसंगीं गप्प बसवितां आलें पाहिजे, विमानांत तर अवश्यच. यासाठीं लॅपटॉपमध्यें प्रक्षेपण बंद करण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. पुष्कळदां जो बिघाड वाटतो, तो बिघाड नसून ही सोयच चुकून अमलांत आलेली असते.

हेल्सिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सची घोषणा केली, त्या वेळीं असल्या सोयीचा प्रश्नच नव्हता. बिनतारी जाळ्याचें ८०२.११ हें पहिलें प्रमाण ठरलें तेंच मुळीं १९९७ सालीं. पुढें लॅपटॉपमध्यें वायफाय आलें, ब्लूटूथ आलें, आणि प्रत्येक कारखानदारानें तें बंद करण्याची कळ आपापल्या तऱ्हेनें बसविली. या सर्व कळांचा हिशेब एके ठिकाणीं राहावा म्हणून २००७ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत 'आर-एफ-किल' नांवाची व्यवस्था दाखल झाली, आणि २००९ सालीं ती बहुतेक नव्यानें लिहिली गेली. नांव मोठें उग्र आहे. अर्थ एवढाच, कीं प्रक्षेपण बंद ठेवणें.

या व्यवस्थेंत कुलुपें दोन. एकास 'सॉफ्ट ब्लॉक' म्हणतात. तें आज्ञेचें कुलूप. पडद्यावरील विमानाच्या खुणेनें किंवा लिहिलेल्या आज्ञेनें तें लागतें आणि तसेंच निघतें. दुसरें 'हार्ड ब्लॉक'; तें खटक्याचें कुलूप. लॅपटॉपच्या कडेला असलेला सरकता खटका थेट कार्डाच्या एका टोंकाशीं जोडलेला असतो. तो बंद असतां कितीही आज्ञा सोडल्या तरी कार्ड तोंड उघडीत नाहीं. घराच्या दाराला बाहेरून कुलूप आणि आंतून कडी असावी, तसा हा प्रकार. दोन्ही निघाल्याखेरीज दार उघडत नाहीं, आणि एक काढून दार उघडेना म्हणजे माणसास वाटतें, कीं आपण काढली ती कडी नव्हेच.

मुलीनें आज्ञांची खिडकी उघडून 'आर-एफ-किल' हा शब्द लिहिला आणि त्यापुढें 'लिस्ट'. पडद्यावर वायफायच्या नांवाखालीं दोन ओळी उमटल्या : सॉफ्ट ब्लॉक, होय, हार्ड ब्लॉक, होय. दोन्ही कुलुपें लागलेलीं! आईनें लॅपटॉप उचलून चष्म्याजवळ धरला. समोरच्या कडेला नखाएवढा एक खटका होता. सकाळीं ग्रंथालयांतून येतांना पिशवींत पुस्तकें कोंबतांना तो सरकला असावा. खटका जागेवर आला. यादी पुन्हां मागविली. हार्ड ब्लॉक, नाहीं. सॉफ्ट ब्लॉक मात्र होयच. विमानाची कळ घाईनें दाबतां दाबतां आज्ञेचें कुलूपही लागून बसलें होतें.

येथें एक शंका श्रोत्यांच्या मनांत येईल. तीन वेळां बंद करून चालू केलें, तरी आज्ञेचें कुलूप गेलें कसें नाहीं? याचें कारण असें, कीं आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत ही स्थिति बंद होतांना टिपून ठेवली जाते आणि पुढच्या आरंभीं जशीच्या तशी परत लावली जाते. विमानांत गप्प केलेला लॅपटॉप उतरून पुन्हां उघडतांच आपणहून बोलूं लागूं नये, हा त्यांतील हेतु. म्हणून येथें बंद-चालूचा हुकमी उपाय लागू पडत नाहीं. तेथें आज्ञाच हवी : 'आर-एफ-किल अनब्लॉक वायफाय'. कांहीं ठिकाणीं तिच्या आधीं 'सुडो' लिहून व्यवस्थापकाचा अधिकार घ्यावा लागतो. आज्ञा सुटली, आणि क्षणभरानें कोपऱ्यांतील कमानी उजळल्या.

सर्वच घरीं प्रकरण इतक्यावर मिटतें असें नाहीं. कांहीं लॅपटॉपना असा खटका मुळींच नसतो, आणि तरीही यादी हार्ड ब्लॉक असल्याचें सांगते. तेव्हां दोष बहुधा निरोप्याचा असतो. त्या विशिष्ट बनावटीच्या कळा सांभाळणारा जो लहान कार्यक्रम गाभ्यांत बसतो, तो नसलेल्या खटक्याची स्थिति चुकीची वाचतो. यादींत वायफायच्या दोन नोंदी दिसतात : एक त्या निरोप्याची, एक खुद्द कार्डाची. निरोप्यास 'मॉडप्रोब' या आज्ञेनें तात्पुरतें उतरवून पाहावें. वायफाय चालूं लागलें तर निदान ठरलें. मग त्याचें नांव वर्ज्य यादींत घालावें. मात्र त्याच्यावर पडद्याचा उजेड कमीजास्त करण्याच्या कळाही अवलंबून असूं शकतात, हें ध्यानांत ठेवावें. लिनक्सचा गाभा अद्ययावत केल्यानेंही हा दोष पुष्कळदां जातो.

उलट, यादींत दोन्ही ठिकाणीं 'नाहीं' असेल, किंवा वायफायची नोंदच नसेल, तर कुलुपांचा नाद सोडावा. प्रथम 'एल-एस-पी-सी-आय' या आज्ञेनें कार्ड दिसतें कीं नाहीं आणि त्यास चालक कार्यक्रम मिळाला आहे कीं नाहीं तें पाहावें. नंतर 'डीमेसेज' या आज्ञेनें गाभ्याची रोजनिशी वाचावी. पुष्कळ कार्डांना सुरू होतांना 'फर्मवेअर' नांवाचा मजकूर बाहेरून पुरवावा लागतो, आणि तो न मिळाल्याची तक्रार तेथें स्पष्ट लिहिलेली असते. आतां जाळ्याशिवाय तो मजकूर आणावा कोठून? फोन यूएसबीच्या तारेनें लॅपटॉपला जोडून फोनवरचें जाळें वांटून घ्यावें. त्याला वायफायची गरज लागत नाहीं.

त्या घरीं एवढें करावें लागलें नाहीं. संदर्भांची यादी लागली, साडेनऊ वाजतां प्रबंध रवाना झाला, आणि पोंच मिळाल्याचें पत्रही आलें. मुलीनें दोन्ही आज्ञा एका कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून लॅपटॉपच्या पिशवींत ठेवल्या. जाळें बंद असतां जाळ्यावरची मदत वाचतां येत नाहीं, हें तिला त्या संध्याकाळीं चांगलेंच उमगलें होतें. आईनें त्या चिठोऱ्याच्या माथ्यावर आपल्या अक्षरांत एक ओळ वाढविली : "आधीं प्रत, मग खटका, मग आज्ञा." आणि पुसण्याचा सल्ला देणारे शेजारी रात्रीं चौकशीला आले, तेव्हां त्यांच्या हातीं चहाचा कप देऊन तिनें विचारलें, "भाऊजी, तुमच्या लॅपटॉपमधल्या सगळ्या कागदांची दुसरी प्रत आहे ना हो?" ते चहा अर्धा टाकून घरीं गेले.