लेकरांसाठी विहाराचं दार उघडा

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणीत पाळ्या करणारी माणसं. वाचलं ते स्वतःच्या हिमतीवर. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. त्या तान्ह्या जिवाला मावशीने, महाप्रजापती गौतमीने वाढवले. आपण ज्यांना वंदन करतो ते तथागतही एके काळी आईविना लेकरूच होते. कुणीतरी सांभाळलं म्हणून वाढले.

बाबासाहेब आणि माता रमाई यांना पाच अपत्ये झाली. त्यातली चार लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूने उभे राहिले. रजेच्या काळात मजुरी बुडू नये, असा तो कायदा होता.

आता आपल्या गल्ल्या बघा. सकाळी सातला बाप नाक्यावर उभा, आई धुण्याभांड्याला किंवा सातपूर-अंबडला कंत्राटावर. तान्हं पोर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. पोरीचं नाव शाळेच्या पटावर, पण पोरगी घरी. म्हणजे एक लेकरू उपाशी आणि दुसऱ्याची शाळा बुडाली.

मागे काही बायांनी दिवसा लेकरांसाठी हा हॉल मागितला होता. ‘पोरं चटया घाण करतील’ असं म्हणणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो. खरं सांगतो, आज त्याची लाज वाटते. हॉल संध्याकाळच्या वंदनेला उघडतो, दिवसभर कुलूप. आणि लेकरं समोरच्या ओट्यावर उन्हात.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी काढली. दलित वस्तीतली लेकरं तिथवर येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशभराची बालविकास योजना सुरू केली. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताजं जेवण आणि खेळातून शिक्षण, शिवाय वजन, लसीकरण, गरोदर बाईची काळजी. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार हक्काचा झाला. ती मेहेरबानी नाही.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. झोपडपट्टीलाही हे लागू आहे. आपल्याकडे जवळची अंगणवाडी मोठ्या रस्त्यापलीकडे. पोर एकटं जाणार कसं?

म्हणून आमची विनंती अशी. येत्या पौर्णिमेपर्यंत घरोघर जाऊन सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं नाव आणि जन्मतारीख लिहा. भाडेकरूंचीही लिहा, जात विचारू नका. ४० भरली की आयांच्या सह्यांचा अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयात द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही, असं समजा.

अंगणवाडी मिळाली तरी ती काही तासच चालते, आई येते संध्याकाळी. मधल्या वेळेला महिला मंडळातल्या आजीबाईंनी पाळीपाळीने बसावं. चटया आम्ही स्वतः झाडू. सेविकाताईंना मानधन तुटपुंजं असतं, त्यांच्यावर डाफरू नका, हाताखाली उभे राहा. एखाद्या बाळाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा बारीक भरला, तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

या वर्धापनदिनी विहाराला रंग दिला, चांगलं झालं. आता कुलूप काढू या.

जयभीम! नमो बुद्धाय!