बेंबीच्या दोन बोटं वर



तालुक्यातालुक्यांतून आलेल्या डॉक्टरांपुढे अध्यक्षानं वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. आज मी एकाच दुखण्याबद्दल बोलणार आहे, कारण ते माझ्या हातून निसटलं होतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एक बाई, कापूस वेचणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. म्हणाल्या, "पाय लाकडासारखे झालेत डॉक्टर, चप्पल कधी निसटते कळतच नाही." कंबरेचा एमआरआय आधीच झाला होता. त्यात वयाला शोभेल इतकी झीज होती, आणि 'मणक्यात गॅप आहे' हे त्यांना आधीच सांगून झालं होतं. मीही तीच री ओढली. पट्टा दिला, गोळ्या दिल्या. पोटाभोवती काहीतरी आवळल्यासारखं होतं, असंही त्या म्हणाल्या होत्या. ते मी पित्तावर ढकललं.

चार महिन्यांनी लघवीची घाई आवरेना, तेव्हा मी हातोडी काढली. गुडघ्याला टिचकी मारली की पाय उसळत होता. तळवा खरवडला की अंगठा वर जात होता. टाचणी छातीवरून खाली नेत गेलो, तर बेंबीच्या दोन बोटं वर टोचणं एकदम बोथट झालं. मणक्याची नळी अरुंद झाली होती ती कंबरेत नव्हे, छातीच्या मागे. कंबरेच्या एमआरआयमध्ये तो भाग आलाच नव्हता.

कंबरेची नळी अरुंद झाली की माणूस चालताना थांबतो, बसतो, वाकतो आणि त्याला बरं वाटतं. तिथे बहुतेक भागात मज्जारज्जू नसतोच. तो साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, खाली नुसत्या नसांचा झुपका. छातीच्या बारा मणक्यांत मात्र खुद्द मज्जारज्जू, तोही मुळातच अरुंद जागेत. शिवाय मधल्या भागात रक्तपुरवठा तुटपुंजा. खालच्या भागाची भिस्त बहुधा डावीकडून येणाऱ्या एका मोठ्या रोहिणीवर. अ‍ॅडमकिविच यांनी 1882 साली तिचं वर्णन केलं. म्हणून इथे दाब सहन करायला फारशी सवड नाही. आणि दुखतंच असं नाही, हीच फसगत. पाय ताठतात, तोल जातो, पण हात शाबूत राहतात. त्या बाई भाकरी उत्तम थापत होत्या. मान बिघडली असती तर बहुधा हातांनीही कुरकूर केली असती.

नळी अरुंद होते कशानं? सरकलेली चकती, म्हातारपणाची झीज, आपल्याकडे क्षयही. पण मला विशेष बोलायचं आहे ते मणक्यांच्या कमानी मागून जोडणाऱ्या पिवळ्या अस्थिबंधाबद्दल. त्याचं हाड होतं आणि ते आतल्या बाजूला वाढतं. जपानमध्ये यावर खूप काम झालं आहे. आपल्या देशात त्याचं एक कारण विहिरी-बोअरच्या पाण्यात आहे. नेल्लोर जिल्ह्यातल्या गावकऱ्यांमध्ये फ्लोराइडनं हाडं आणि अस्थिबंध कसे बिघडतात, हे शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 साली मांडलं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमध्ये काही गावांच्या पाण्यात लिटरला 1.5 मिलिग्रॅमची मर्यादा आजही ओलांडली जाते. तेव्हा असा रुग्ण आला की दात बघा, गाव विचारा आणि पाणी तपासायला पाठवा.

बाईंची शस्त्रक्रिया झाली. आधी सीटी स्कॅन केला, कारण ते नवं हाड कधी कधी मज्जारज्जूच्या आवरणालाच चिकटलेलं असतं आणि ते ओढून काढणं धोक्याचं. सर्जननी मागची कमान ड्रिलनं कागदासारखी पातळ करत अलगद उचलली. लघवीवरचा ताबा परत आला. डावा पाय अजून ओढतो. दाब किती काळ राहिला, त्यावर पुढचं बरंच काही ठरतं. ते चार महिने माझे होते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि आज तुम्हालाही सांगतो.

पाय ताठलेल्या रुग्णाचा कंबरेचा एमआरआय मागवताना चिठ्ठीवर 'संपूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग' एवढे शब्द जास्त लिहा. मशीनला काही मिनिटंच जास्त लागतात.

मागच्या टेबलांवर हातोड्या आणि टाचण्या ठेवल्या आहेत. जेवणानंतर जोडीजोडीनं बसू, सदरे काढू, आणि स्तनाग्रापासून बेंबीपर्यंत टाचणी कशी न्यायची ते एकमेकांवर करून बघू.