शस्त्रक्रिया-शिक्षणाचा हिशेब



२०२० च्या टाळेबंदीत आपल्या देणगीतून आम्ही तरुण डॉक्टरांसाठी शस्त्रक्रियेची ऑनलाइन व्याख्याने सुरू केली. हजेरी भरघोस होती. हिशेबाच्या सवयीने आम्ही हजेरीलाच गुणवत्ता समजलो, ही आमची चूक. टोरोंटोतील शल्यविशारदांनी १९९० च्या दशकात निराळी कसोटी रूढ केली : शिकणाऱ्याने प्रत्यक्ष टाके घालावेत आणि परीक्षकाने ऊतींची जपणूक, हालचालींतील काटकसर व उपकरणांची हाताळणी ठरावीक निकषांवर जोखावी. पडद्यावर शरीररचना आणि शस्त्रक्रियेचा क्रम उत्तम उमजतो, पुनःपुन्हा पाहताही येतो. गाठीचा ताण मात्र बोटांनाच कळतो. आपल्या कडेगावचे गगनचुंबी ताबूत बांधणारे हात तरी चित्रफितीवर कोठे घडले? शिक्षण कोणत्याही मार्गाने होवो, परीक्षा यापुढे हातांची होईल. म्हणूनच यंदाच्या अहवालात व्याख्यानांच्या हजेरीचा तक्ता आम्ही छापलेला नाही.