पोस्टकार्डावरचे गाव

अमेरिकेच्या आयोवा राज्यात फेअरफील्ड नावाचे लहानसे गाव आहे. अशा गावांची ओळख जुन्या चित्र-पोस्टकार्डांतून होते. कोर्ट, टपालकचेरी, शाळा आणि हमखास ग्रंथालय! १८९८ पासून खाजगी छापलेले कार्डही एका सेंटात जाऊ लागले. मात्र १९०७ पर्यंत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला मनाई होती. मग ख्यालीखुशाली चित्राच्या कडेलाच कशीबशी बसवायची.

फेअरफील्डच्या ग्रंथालयाची इमारत १८९३ ची. पैसे दिले पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांनी. त्यांचा तिथे ना कारखाना, ना नातेगोते. पुढे त्यांनी अमेरिकेत १,६०० हून अधिक सार्वजनिक ग्रंथालयांना इमारती दिल्या. पण अट ठरलेली असे : जागा गावाने द्यावी, आणि देणगीच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम दरसाल खर्चासाठी गावानेच उभी करावी. काही गावांनी ही अट ऐकून देणगीच नाकारली.

कार्डावर खांब दिसतात, पायऱ्या दिसतात. दरसाल भरलेला कर कसा दिसणार? फेअरफील्डचे ग्रंथालय पुढे नव्या जागी गेले, जुन्या वास्तूत आता संग्रहालय आहे. गुरुजींनी असे एखादे चित्र वर्गात दाखवावे आणि मुलांना विचारावे, ही इमारत बांधली कोणी, आणि चालवली कोणी?