लॉ कॉलेजचं नाव आणि सनदेनंतरची तीन वर्षं

मला दिलेला विषय असा आहे : वकील व्हायचं तर नामांकित लॉ कॉलेजच हवं का? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण माझी बहीण जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि मी स्वतः कंपनीत मुलाखती घेतो. त्यामुळे कॉलेजच्या नावाचं वजन कुठे पडतं आणि कुठे पडत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी पाहतो.

आधी सरळ सांगतो, नावाचा फायदा होतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत क्लॅट देऊन प्रवेश मिळतो. आपल्या राज्यात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मोठ्या लॉ फर्म भरतीसाठी निवडक नामवंत संस्थांमध्ये जातात, तालुक्याच्या कॉलेजात येत नाहीत. आमच्या क्षेत्रातही हेच चालतं. पहिलं दार नावानं लवकर उघडतं.

पण कोर्टातली वकिली वेगळी आहे. कुठूनही शिका, बार कौन्सिलची सनद एकच, परीक्षाही एकच. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेत कॉलेजच्या नावाला गुण नाहीत. न्या. भूषण गवई अमरावती विद्यापीठातून कायदा शिकले आणि २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. न्या. अभय ओक यांनी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात सुरुवात केली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

यावर तुम्ही म्हणाल, गवईंचे वडील मोठे राजकीय नेते होते आणि ओकांनी वडिलांच्याच चेंबरमध्ये काम सुरू केलं. बरोबर आहे. दोघांचं कर्तृत्व त्यानं कमी होत नाही, पण खरा प्रश्न इथंच आहे. सनद मिळाल्यावर पहिली काही वर्षं हातात फारसं पडत नाही. तेव्हा पाठीशी कोण आहे, यावर पुष्कळ काही ठरतं. आपल्यातले बरेच जण घरातले पहिले वकील असणार.

बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे ही तीन वर्षं आता आणखी महत्त्वाची झाली.

आता हिशेब मांडा. राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांची फी आणि वसतिगृह धरून खर्च कित्येक लाखांत जातो. त्यासाठी कर्ज काढलं, तर कमाई सर्वात कमी असते नेमका तेव्हाच हप्ता सुरू होतो. मग ज्याला कोर्टात उभं राहायचं होतं, तो हप्त्यासाठी फर्ममध्ये जातो. फर्म वाईट नाही, पण ती आपण निवडलेली असावी.

म्हणून माझं म्हणणं असं : कॉर्पोरेट फर्ममध्ये जायचं असेल किंवा शिष्यवृत्ती मिळत असेल, तर क्लॅटसाठी जीव तोडून अभ्यास करा. कोर्टात जायचं असेल, तर राज्याची सीईटी देऊन जवळच्या चांगल्या, कमी फीच्या कॉलेजात जा आणि वाचलेले पैसे या तीन वर्षांसाठी बाजूला ठेवा. मुलींना खास सांगतो. घरात ‘मोठं कॉलेज नाही मिळालं, तर लॉ नको’ असं कुणी म्हणालं, तर अम्मी-अब्बांपुढे हाच हिशेब ठेवा.

शिकत असतानाच आठवड्यातून एकदा कोर्टात जाऊन बसा. उलटतपासणी ऐका. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, हिबानामा वाचायला शिका. खालच्या कोर्टात मराठी चालते, तेव्हा दावा आणि कैफियत मराठीत लिहिता आली पाहिजे. सीनिअर निवडताना त्यांचे आधीचे ज्युनिअर आज काय करतात, ते विचारा. कॉलेजच्या नावापेक्षा ही चौकशी जास्त उपयोगी पडेल.

शेवटचं, माझ्यासारख्या पगारदारांसाठी. मुलाला प्रवेश मिळाला की आपण सत्कार करतो, पेढे वाटतो. सनद घेऊन तो कोर्टाची पायरी चढतो, तेव्हा मात्र त्याच्याकडे कुणी पाहत नाही. दहा जणांनी मिळून एका ज्युनिअरचा तीन वर्षांचा प्रवास, पुस्तकं आणि काळा कोट एवढं उचललं, तरी एक वकील टिकेल.