बॅच पास झाली, उपग्रह राहिला

(संगमनेर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



२२ जून २०१६ च्या सकाळी ९ वाजून २६ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ हे रॉकेट उडालं. त्याच्या पोटात वीस उपग्रह होते. पहिला मान कार्टोसॅटचा, त्याचं वजन सातशे किलोंच्या वर. इंडोनेशिया, जर्मनी, कॅनडा आणि अमेरिका यांचे मिळून सतरा. उरलेले दोन कॉलेजातल्या पोरांनी बनवलेले होते. एक चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठाचा आणि दुसरा आपल्या पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा, म्हणजे सीओईपीचा. पुण्याच्या उपग्रहाचं नाव 'स्वयम्'. लांबी, रुंदी, उंची साधारण दहा-दहा सेंटिमीटर. वजन ९९० ग्रॅम, वाण्याकडच्या किलोभर साखरेच्या पुडीपेक्षा दहा ग्रॅमनी कमीच.

अशा बातमीचा मथळा पेपरवाल्यांकडे तयारच असतो: 'विद्यार्थ्यांची गगनभरारी'. मला त्या मथळ्याशी जरा भांडायचंय. भरारी मारली ती इस्रोच्या रॉकेटनं. विद्यार्थ्यांचं खरं काम रॉकेट उडायच्या आधीच उरकलं होतं, आणि ते जमिनीवर, टेबलावर, मीटर आणि सोल्डरिंगची इस्त्री हातात घेऊन झालं होतं. आज मी बोलणार आहे ते त्या कामाबद्दल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'स्वयम्' हा भारतातला पहिला विद्यार्थी उपग्रह नव्हे. तो मान चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या अनुसॅटकडे जातो. तो २० एप्रिल २००९ रोजी गेला, वजन ४० किलो. २०१० मध्ये कर्नाटक आणि हैदराबादच्या सात कॉलेजांनी मिळून किलोच्या आतला स्टुडसॅट सोडला. २०११ मध्ये आयआयटी कानपूरचा 'जुगनू' गेला. पुणेकर उशिरा पोचले. पण ते कसे पोचले, हे बघण्यासारखं आहे.

प्रकल्प सुरू झाला २००८ साली आणि उड्डाण झालं २०१६ मध्ये. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची. हिशोब तुम्हीच करा. २००८ साली जो मुलगा दुसऱ्या वर्षाला होता तो २०११ मध्ये पास होऊन गेला. उपग्रह उडाला तेव्हा त्याच्या नोकरीला पाच वर्षं झालेली. आणि उड्डाणाच्या वेळी तिसऱ्या वर्षात असलेली मुलगी, प्रकल्प सुरू झाला त्या वर्षी सातवी-आठवीत असणार. ज्यांनी कागदावर पहिली रेघ ओढली आणि ज्यांनी शेवटचा स्क्रू आवळला, त्यांनी एका वर्गात एकत्र तास कधी केला नाही.

कारखान्यात असं होत नाही. तिथं यंत्र डिझाइन करणारा माणूस दहा-वीस वर्षं तिथंच असतो, अडलं तर त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारता येतं. इथं दर मे महिन्यात सगळ्यात जाणती माणसं निघून जातात आणि ऑगस्टमध्ये ज्यांना रेझिस्टरचे रंग वाचता येत नाहीत अशी नवी मुलं दाखल होतात. म्हणून मी म्हणतो, अशा उपग्रहातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे हस्तांतरण. समजा, प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे: रेडिओ सुरू करण्याआधी अमुक सेकंद थांबायचं. लिहिणारा सीनियर नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. का थांबायचं ते त्यानं कुठं नोंदवलं नाही. ज्युनियरला वाटलं, ओळ फालतू आहे, काढून टाकली. सहा महिन्यांनी चाचणीत रेडिओ चालू झाला की बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो आणि कॉम्प्युटर रीसेट होतो. परत चालू, परत रीसेट. टेबलावर हे लक्षात आलं तर नशीब. वर गेल्यावर झालं तर तिथं कोण जाऊन बघणार?

म्हणून या मुलांना लिहावं लागतं. काय केलं, कसं केलं, आणि मुख्य म्हणजे का केलं. आराखडा इस्रोच्या जाणकारांपुढे टप्प्याटप्प्यानं मांडावा लागतो, आणि ते लोक कौतुक करायला बसलेले नसतात. हा आकडा कुठून आला, मोजला की गृहीत धरला, असं विचारतात. आपल्याकडच्या प्रोजेक्ट रिपोर्टची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षीची फाइल घ्यायची, नावं बदलायची, काळं बायंडिंग करून सोनेरी अक्षरं उमटवायची. त्या सवयीवर किलोभराचा उपग्रह हा जालीम उपाय आहे.

आता त्या डब्याच्या आत डोकावू. आकार ठरला कसा? १९९९ साली अमेरिकेत स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी पुइग-सुआरी या दोन प्राध्यापकांनी दहा सेंटिमीटरच्या घनाचं माप ठरवून दिलं, त्याला क्यूबसॅट म्हणतात. माप एकच असल्यामुळे सोडणारी पेटीही एकच. पेटीचं झाकण उघडतं, स्प्रिंग ढकलते, डबा बाहेर. पण पेटीत अडकायचा नाही तर मापात फरक किती चालतो? एक दशांश मिलिमीटर. नागापूर एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर रोज काम करणारी माणसं याहून बारीक काम करतात, हे इथं बसलेल्या फिटर-टर्नर मंडळींना मी सांगायला नको.

उपग्रह अवकाशात गेला की गडगडत असतो. त्याला धरून ठेवायला मोठ्या उपग्रहांत फिरती चाकं असतात, छोटी इंजिनं असतात. किलोभरात ते कुठं बसवणार? पुण्याच्या मुलांनी साधा मार्ग धरला. आत एक कायमचा चुंबक बसवला. होकायंत्राच्या काट्यासारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत वळतो आणि उपग्रहाला बरोबर वळवतो. पण काटा नुसता वळून थांबत नाही, डुलत राहतो. ते डुलणं मोडायला आत मऊ चुंबकीय धातूच्या बारीक कांड्या ठेवल्या. डोलताना त्या कांड्यांचं चुंबकत्व उलटसुलट होतं, त्यात हालचालीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते, आणि डबा हळूहळू शांत होतो. यात वीज लागत नाही, फिरणारा भाग नाही, प्रोग्रॅम नाही. ध्रुवावरून जाणाऱ्या कक्षेत अशी वस्तू पृथ्वीच्या एका फेरीत स्वतःभोवती दोनदा फिरते, कारण रेषाच तशा वळलेल्या आहेत. अभियांत्रिकीत हुशारी म्हणतात ती अशी: बिघडू शकेल असा भाग मुळात ठेवायचाच नाही.

विजेचं गणित तर शेतकऱ्याला लगेच कळेल. एवढ्याशा डब्याच्या अंगावर सौरपट्ट्या मावतात किती? मिळून दोनेक वॅट. त्यातही पाचशे किलोमीटर उंचीवर एक फेरी साधारण ९५ मिनिटांची, आणि तीतली पस्तीसेक मिनिटं अंधाराची. दिवसात पंधरा वेळा सूर्य उगवतो नि पंधरा वेळा मावळतो. दर वेळी धातू तापून फुगतो, गार होऊन आकुंचतो. सोल्डरचा एक टाका कच्चा असेल तर तो तिथं सुटतो. म्हणून आधी जमिनीवरच डब्याला छळायचं: थरथराटाच्या टेबलावर ठेवून रॉकेटसारखे हादरे द्यायचे, मग निर्वात टाकीत घालून गरम-थंड, गरम-थंड. साधी पीव्हीसीची वायरसुद्धा चालत नाही. निर्वातात ती वाफ सोडते आणि ती वाफ जाऊन नेमकी कॅमेऱ्याच्या भिंगावर किंवा सौरपट्टीवर बसते.

'स्वयम्'चं काम होतं निरोप पोचवण्याचं. एका हॅमनं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यानं, वर निरोप पाठवायचा, उपग्रहानं तो साठवायचा, आणि दुसऱ्या हॅमच्या डोक्यावर आला की खाली टाकायचा. लोक विचारतात, खिशात मोबाइल असताना याची गरज काय? २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा फोन बंद पडले होते, आणि बाहेरच्या जगाला निरोप पोचवायला हौशी रेडिओवाले धावले होते. पण खरं सांगू का, उपयोगाच्या या प्रश्नाला मी फार घाबरत नाही. शिकाऊ डॉक्टरानं बेडूक फाडला तेव्हा बेडकाचा काय फायदा झाला, असं आपण विचारत नाही.

हौशी लोक या क्षेत्रात नवे नाहीत. १२ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे स्पुटनिकनंतर चारच वर्षांनी, कॅलिफोर्नियातल्या रेडिओ हौशींनी बनवलेला ऑस्कर-१ अवकाशात गेला. अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटवर समतोलासाठी वजन ठेवायचंच होतं, त्या जागी यांनी आपला साडेचार किलोंचा डबा बसवून घेतला. तो मोर्स लिपीत एकच शब्द बोलायचा: हाय. चार टिंबं, मग दोन टिंबं. आणि त्या टिंबांचा वेग डब्याच्या आतल्या तापमानावर ठरायचा, म्हणजे घड्याळ घेऊन ऐकणाऱ्याला वरची उष्णता कळायची. अठ्ठावीस देशांतल्या साडेपाचशेहून अधिक हौशींनी तो ऐकून नोंदी पाठवल्या.

आपल्या पहिल्या उपग्रहाची, आर्यभटाची कथाही थाटाची नाही. बेंगळुरूच्या पीण्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रा. यू. आर. राव यांच्या तरुण चमूनं तो बांधला. जागा पुरेना म्हणून एका स्वच्छतागृहाचं माहिती-केंद्र केलं. १९ एप्रिल १९७५ ला तो उडाला, आणि काही दिवसांत वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे त्यावरचे शास्त्रीय प्रयोग थांबले. तरी पुढची सगळी इमारत त्याच पायावर उभी राहिली. १९८१ च्या ॲपल उपग्रहाचं तर बैलगाडीवरचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. लोक ते गरिबीचं चित्र म्हणून दाखवतात. वास्तविक ॲंटेनाच्या चाचणीत धातूचा अडथळा नको होता, आणि लाकडी गाडी त्याला सोयीची होती. ते डोकं चालवल्याचं चित्र आहे.

अपयशाचंही बोलू, कारण ते लपवलं जातं. जगभरातल्या विद्यापीठांच्या पहिल्या-पहिल्या उपग्रहांपैकी कितीतरी कक्षेत गेले आणि कधी बोललेच नाहीत. मला त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं: बाजारातून तयार संच आणायचा, दोन दिवसांच्या कार्यशाळेत चार वायरी जोडायच्या, आणि 'उपग्रह बनवला' असं प्रमाणपत्र देऊन फोटो काढायचा. न बोललेला उपग्रह मुलाला काहीतरी शिकवून जातो. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं जातं, बस.

आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१६ ला गेला. दहा किलोंचा, आणि तोही नऊ वर्षांच्या मेहनतीनंतर. त्यातली एक कल्पना आपल्या कामाची आहे. वातावरणाच्या वरच्या थरात इलेक्ट्रॉन किती आहेत हे त्याला मोजायचं होतं. ते करायचं तर रेडिओ लहरीच्या कंपनाची दिशा त्या थरातून खाली येताना किती फिरते हे जमिनीवर मोजावं लागतं, आणि एका ठिकाणी मोजून भागत नाही. म्हणून त्यांनी देशातल्या इतर कॉलेजांना सोबत घेतलं. तुम्ही तुमच्या गच्चीवर ॲंटेना लावा, आमच्या उपग्रहाचं ऐका. म्हणजे उपग्रह न बांधताही उपग्रहाच्या कामात शिरायचं दार उघडं होतं.

आता तर दारं वाढली आहेत. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर कक्षेतच असतो. इस्रो त्याच्यावर प्रयोग बसवू देते. त्याला वीज, दिशा वगैरे मिळते, म्हणजे अख्खा उपग्रह बांधायची गरज नाही. १ जानेवारी २०२४ ला मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूटचं हौशी रेडिओचं यंत्र असंच वर गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये पनवेलजवळच्या ॲमिटी विद्यापीठानं पालकाच्या पेशी पाठवल्या.

आणि आपण? चंदनापुरीचा घाट पार करून, आळेफाटा ओलांडून नारायणगावला गेलात की जवळच आर्वीचं भूस्थानक आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशाशी उपग्रहामार्फत बोलणारी देशाची पहिली मोठी थाळी तिथं उभी राहिली. शेजारी खोडदला जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आकाश ऐकत बसल्या आहेत. आपल्या घरापासून दोन तासांत हे सगळं आहे, आणि आपली मुलं तिथं सहलीला जाऊन वडापाव खाऊन येतात.

संगमनेरचं अमृतवाहिनी, लोणीचं प्रवरा, कोपरगावचं संजीवनी, नगरजवळच्या विळद घाटातलं विखे पाटील कॉलेज. अभियांत्रिकीची एवढी कॉलेजं अहिल्यानगर जिल्ह्यात आहेत. त्यांच्या प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे, उद्याच उपग्रहाची घोषणा करू नका. आधी गच्चीवर ॲंटेना चढवा. पीव्हीसी पाइप आणि सुताराच्या स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे यांतून ती बनते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं आणि आपल्या डोक्यावरूनही जातं. ते ऐका. कधी आलं, किती मिनिटं ऐकू आलं, आवाज का फाटला, हे वहीत लिहा. मे महिन्यात ती वही ज्युनियरच्या हातात द्या आणि ऑगस्टमध्ये त्याच वहीच्या पुढच्या पानापासून सुरू करा. नवी वही आणू नका. हे तीन वर्षं सलग जमलं तर चौथ्या वर्षी उपग्रहाची भाषा बोला.

आणि समोर बसलेल्या पोरांनो, कॉलेजची वाट बघायची गरज नाही. रेडिओवर स्वतः बोलायला हॅमचा परवाना लागतो, त्याची परीक्षा केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग घेतो, आणि बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. सुट्टी अजून शिल्लक आहे, अभ्यासाला लागा.