बांगड्यांवर गोळ्या झेलणारी बाई



गावात दोन गड्यांचं भांडण जुंपलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "मी काय हातात बांगड्या भरल्यात?" म्हणजे बांगडी हा भित्रेपणाचा शिक्का. आज मी तुम्हाला अशा एका बाईबद्दल सांगणार आहे, जिच्या दोन्ही मनगटांत कडी आहेत आणि बंदुकीच्या गोळ्या ती त्याच कड्यांवर झेलते. ही बाई खरी नाही. ती अमेरिकेतल्या चित्रकथांमधली आहे. तिचं नाव वंडर वुमन, म्हणजे अचाट बाई. कपाळावर चांदणीचा मुकुट आणि कमरेला सोनेरी दोर असलेलं तिचं चित्र तुम्ही एखाद्या मुलीच्या दप्तरावर पाहिलंही असेल.

आपल्याकडची मुलं चाचा चौधरी वाचत मोठी झाली, तशी तिकडची मुलं हिच्या गोष्टी वाचत मोठी झाली. पहिली गोष्ट 1941 च्या अखेरीस आली आणि आज ऐंशीहून जास्त वर्षं झाली तरी नव्या गोष्टी येतच आहेत. तिचं मूळ नाव डायना. फक्त बायकांची वस्ती असलेल्या एका बेटावरची ही राजकन्या. एक वैमानिक त्या बेटावर कोसळतो, त्याला परत पोचवायला ती अमेरिकेत येते आणि महायुद्धाच्या धामधुमीत तिथेच राहते.

मी हिची गोष्ट सांगायला घेतली, कारण हिच्या स्वभावाचा मेळ काही केल्या बसत नाही. आणि तो का बसत नाही, हे बघितलं की आपल्याला आपल्याबद्दलही काही कळतं.

पहिली गोष्ट म्हणजे ही शांतीची दूत. प्रेमाने जग सुधारावं असं मानणारी. पण काम काय? लढाई. 2005 सालच्या एका गोष्टीत तर ती माणूस मारते. एका खलनायकाने सुपरमॅनच्या मनाचा ताबा घेतलेला असतो आणि तो त्याच्या हातून अनर्थ घडवत असतो. डायना त्या खलनायकाला आपल्या दोराने बांधते. तो दोर असा, की बांधलेल्या माणसाला खरंच बोलावं लागतं. ती विचारते, तुला थांबवायचं कसं? तो सांगतो, मला मारूनच. ती त्याची मान मोडते. तिने ज्याला वाचवलं तो सुपरमॅनच मग तिच्यापासून दूर जातो, आणि सगळं जग तिला खुनी म्हणू लागतं. ती चुकली की बरोबर होती, यावर वाचणारे आजही भांडतात.

दुसरी गोष्ट तिच्या कड्यांची. हर्क्युलिस नावाच्या योद्ध्याने एकदा त्या बेटावरच्या बायकांना कपटाने गुलाम केलं होतं. सुटका झाल्यावर देवीने त्यांना सांगितलं, ही कडी हातात राहू द्या, म्हणजे पुरुषाच्या ताब्यात जाणं काय असतं ते विसरणार नाही. म्हणजे जी गुलामीची खूण, तीच तिची ढाल. सुरुवातीच्या गोष्टींत आणखी दोन नियम होते. एखाद्या पुरुषाने तिची दोन्ही कडी साखळीने जोडली, की तिची ताकद जाते. आणि कडी काढून टाकली, तर ती बेभान होते, दिसेल ते मोडत सुटते. दुसऱ्याने बांधलं तरी घात, स्वतःचा आवर सुटला तरी घात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. दुसऱ्यांकडून खरं वदवून घेणारी ही बाई स्वतः मात्र वेश बदलून राहते. चष्मा लावायचा, केस बांधायचे आणि डायना प्रिन्स या नावाने आधी परिचारिका आणि मग लष्करी कचेरीत कारकुनी करायची. तो वैमानिक वंडर वुमनवर जीव टाकतो, पण समोर टेबलाशी बसलेली, त्याची सगळी कामं निस्तरणारी डायना त्याला दिसत नाही. मग डायनाला वंडर वुमनचा हेवा वाटतो. म्हणजे स्वतःचाच! महिला दिनाला हारतुरे मिळतात ती बाई आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपुढे बसते ती बाई एकच असते. पण लोकांना एकच दिसते. हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आता हा मेळ बसत नाही तो का? एक कारण असं, की तिचा स्वभाव तिने ठरवलाच नाही. ज्याच्या हातात लेखणी आली त्याने तो ठरवला. तिला जन्माला घातलं विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने. माणूस खोटं बोलत असताना त्याचा रक्तदाब कसा बदलतो, याचे प्रयोग करणारा हा माणूस. जगाचा कारभार बायकांनी पाहावा असं तो म्हणायचा. पण त्याच्याच गोष्टींत ती पानोपानी साखळदंडात अडकलेली दिसायची आणि यावर तेव्हाही टीका झाली. त्याच सुमारास दुसऱ्या एका लेखकाने तिला शूरवीरांच्या मंडळात घेतलं. पद काय दिलं? सचिव. एवढी ताकदीची बाई, पण पुरुष मोहिमेवर गेले की हिने मागे राहून नोंदी ठेवायच्या.

1947 मध्ये मार्स्टन वारला. पुढच्या लेखकांच्या हाती ती लग्न करू की नको यात जास्त गुंतली. 1968 मध्ये तिच्या सगळ्या शक्ती काढून घेतल्या आणि तिला कपड्यांचं दुकान घालून दिलं. 1972 मध्ये अमेरिकेतल्या बायकांनी 'मिझ' नावाचं स्वतःचं मासिक सुरू केलं. त्याच्या जुलैच्या अंकावर त्यांनी हिलाच छापलं, जुन्या पोशाखात, पूर्ण ताकदीनिशी. 1973 मध्ये चित्रकथेतही तिच्या शक्ती परत आल्या.

या सगळ्यात एक नाव बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. जॉय हमेल. मार्स्टनची ही विद्यार्थिनी 1944 मध्ये, विशीच्या आसपास असताना, त्याच्या हाताखाली कामाला लागली. तो आजारी पडला, तेव्हा वंडर वुमनच्या कितीतरी गोष्टी हिने लिहिल्या. छापताना नाव मात्र मार्स्टनच्याच टोपणनावाचं. 2018 मध्ये तिला मानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती 94 वर्षांची होती. बाईची गोष्ट एका बाईने लिहिली आणि ते जगाला कळायला सत्तर वर्षं लागली.

2016 च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला महिला सक्षमीकरणाची मानद दूत केलं. तिथल्याच काही कर्मचाऱ्यांनी समारंभात पाठ फिरवून निषेध केला. त्यांचं म्हणणं, एवढ्या खऱ्या बायका जगात काम करत असताना तोकड्या कपड्यातली चित्रातली बाई कशाला? दोन महिनेही पूर्ण झाले नाहीत, तोवर तो मान संपला. तिला निवडणारेही बायकांच्या भल्याचंच बोलत होते आणि विरोध करणारेही.

मैत्रिणींनो, आता आपल्याकडे येऊ. आमच्या भागातल्या एका गटात कोषाध्यक्ष असलेल्या ताईंच्या सख्ख्या जावेचे तीन हप्ते थकले. ताईंनी भर बैठकीत नाव वाचलं, थकबाकी वहीत लिहायला लावली. घरात अबोला धरला गेला. पुढच्या महिन्यात याच ताईंनी ठराव मांडला, की तिचं ऑपरेशन झालंय, हप्ता लहान करू आणि मुदत वाढवू. बायका म्हणाल्या, हिचं काही कळत नाही, आधी कडक, आता नरम. ताई म्हणाल्या, "थकलेला हप्ता लिहिला तो गटासाठी, मुदत मागतेय तीही गटासाठीच. हप्ता झेपला नाही तर पैसाही जाईल आणि बाईही."

हा विरोध खोटा नाही. पंचसूत्री पाळणाऱ्या प्रत्येक गटात तो आहे, कारण नियमही आपलाच असतो आणि नियमात अडकलेली बाईही आपलीच असते. कडक आणि मऊ या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात. त्याची लाज बाळगू नका.

पण दुसऱ्या जातीचाही विरोध असतो, तो आपल्यावर लादलेला. सभेत धीट बोल, घरी मान वर करू नकोस. सरपंच तू हो, खुर्चीवर तुझा नवरा बसेल. कर्ज तुझ्या नावावर, ते कशाला वापरायचं हे दुसरा ठरवणार. असा ताण मनात आला, की स्वतःला दोष देण्याआधी एक प्रश्न विचारा. हे माझ्या कामातून आलंय, की माझ्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहून ठेवलंय?

म्हणून या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. गटाची इतिवृत्ताची वही काढा आणि मागची दहा पानं बघा. ती कुणाच्या अक्षरात आहेत? सचिवबाईंच्या, की त्यांच्या मुलाच्या, की येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या? ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, कोण नको म्हणालं, हे त्यात आहे का? नसेल तर ज्या बाईला जसं जमेल तसं, तुटक अक्षरात का होईना, तिनं लिहायला घ्या. चुकलं तर बाकीच्या सांगतील. सचिवपद हे मागे बसण्याचं पद नाही. उद्या आपला गट कसा होता हे त्या वहीवरूनच कळणार आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.